वेढे, टायमिंग आणि लंबगोल ट्रॅक: ब्रशलेस मोटारीची पार्श्वभूमी

रिमोटच्या रेसिंग गाडीची ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली मोटार हातात घेतली की डब्यावर एक आकडा दिसतो. १७.५, १३.५, कधी २१.५. नवा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, हे व्होल्ट आहेत का? हे वेढे आहेत. आतल्या प्रत्येक दातावर तांब्याची तार किती वेळा गुंडाळली आहे, त्याचा हिशोब. वेढे कमी असले की तार आखूड आणि जाड बसते, करंट जास्त ओढला जातो आणि मोटार जोरात फिरते. वेढे वाढले की मोटार शांत होते. तो अर्धा वेढा कुठून आला? अशा मोटारीत तीन तारा असतात. तार एका टोकाने आत शिरते आणि दुसऱ्या टोकाला बाकीच्या दोन तारांना जाऊन मिळते, म्हणून शेवटचा वेढा अर्धाच भरतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतावरचे पंप, लेथच्या मोटारी, गिरण्या, मिक्सर, सगळं तिथे जळून येतं आणि नवे वेढे घालून परत जातं. त्यामुळे वेढे मोजणं मला लहानपणापासून माहीत होतं. पण वेढ्यांवरून शर्यतीचे वर्ग पाडतात हे मला ओव्हलने शिकवलं.

ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅक. दोन सरळ पट्टे, दोन वळणं, आणि गाडी कायम डावीकडे वळणार. ही परंपरा अमेरिकेची. तिथल्या बहुतेक स्टॉक कार शर्यती, म्हणजे रोजच्या गाड्यांच्या रूपातल्या रेसिंग गाड्यांच्या शर्यती, अशाच ट्रॅकवर होतात. १९५९ साली सुरू झालेला डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा आहे आणि त्याच्या वळणांना ३१ अंशांचा उतार दिलेला आहे. तीच शर्यत रिमोटवाल्यांनी एक दशांश मापात, हॉलमध्ये कार्पेट अंथरून आणली. आपल्याकडे खासबागेच्या कुस्ती मैदानात कुठेही बसलं तरी अख्खा आखाडा डोळ्यांसमोर असतो. ओव्हलचंही तसंच आहे. उंच स्टँडवर उभं राहिलं की गाडी एक क्षणही नजरेआड होत नाही. कोण कुणाला कुठे गाठतोय हे सगळ्यांना एकदम दिसतं.

पण लंबगोलाची खरी गोष्ट थ्रॉटलची, म्हणजे बोटाने दाबायच्या वेगाच्या ट्रिगरची आहे. वळणावळणाच्या ट्रॅकवर मोटार थोडी कमी पडली तरी चालवणारा ब्रेकमध्ये, वळणाच्या रेषेत ते भरून काढतो. ओव्हलवर बोट जवळजवळ पूर्ण वेळ दाबलेलंच असतं. मोटारीला श्वास घ्यायला जागा नाही. तिच्यात जे काही जास्त किंवा कमी आहे, ते प्रत्येक फेरीत त्याच जागी दिसतं. म्हणून मोटारीच्या इतिहासातला प्रत्येक बदल ओव्हलवाल्यांना आधी जाणवला आणि भांडणंही तिथेच जास्त झाली.

सुरुवात ब्रशच्या मोटारीपासून करायला हवी. अमेरिकेत रिमोट गाड्यांच्या शर्यतींची संघटना, रोअर, १९६७ पासून आहे. त्या काळात इंधनावरच्या गाड्यांचा जोर होता. विजेची गाडी घराघरांत पोचली ती सत्तरच्या दशकात. जपानच्या तामियाने १९७६ साली पोर्शे ९३४ ची रिमोट गाडी काढली. अशा गाड्यांत जी मोटार रुळली तिला ५४० म्हणतात. हा डब्याच्या मापाचा आकडा. आजच्या ब्रशलेस मोटारीही त्याच मापात बसतात, म्हणजे डबा जवळपास पन्नास वर्षं तोच राहिला आणि आतलं सगळं बदललं.

त्या डब्यात काय होतं? कडेला दोन चुंबकं, मध्ये फिरणारं आर्मेचर, त्याला तीन दात आणि टोकाला तीन पाकळ्यांचा तांब्याचा कम्युटेटर. कम्युटेटरवर दोन कार्बन ब्रश स्प्रिंगने दाबलेले. आर्मेचर फिरतं तसा करंट एका वेढ्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून फिरणं थांबत नाही. कम्युटेटरची ही युक्ती १८३० च्या दशकातली. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जनने ती मोटारीला लावली आणि अमेरिकेत थॉमस डेव्हनपोर्टने १८३७ साली विजेच्या मोटारीचं पेटंट घेतलं. मिक्सरच्या मोटारीत आजही तेच चालतं. जुना मिक्सर अंधारात फिरवून झाकणाच्या फटीतून बघा, निळसर ठिणग्या दिसतील.

त्या ठिणग्यांमध्येच ब्रशच्या मोटारीचं दुखणं आहे. प्रत्येक ठिणगी तांब्यावर बारीक खड्डा पाडते. ब्रश झिजतो, काळी पूड साचते, कम्युटेटर किंचित लंबगोल होतो, मग ब्रश उडतो आणि ठिणगी आणखी मोठी होते. घरच्या मिक्सरला हे व्हायला वर्षं लागतात. ओव्हलच्या गाडीत ४ मिनिटांच्या एका हीटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या एका पाळीत, ते सुरू व्हायचं. म्हणून रेसरच्या पेटीत एक छोटा लेथ असायचा. दोन-चार हीट झाल्या की मोटार उघडायची, आर्मेचर लेथवर चढवायचं आणि हिऱ्याच्या टूलने कम्युटेटरचा केसाएवढा थर काढायचा. मग नवे ब्रश, नव्या स्प्रिंगा. काहीजण चुंबकं पुन्हा भारून घ्यायचे.

मामांच्या दुकानात मी कम्युटेटर कातताना शेकडो वेळा पाहिलाय. चकमध्ये आर्मेचर, टूल अगदी हळू आत, आणि काळ्याकुट्ट पट्ट्यातून एकदम गुलाबी तांबं उघडं पडतं. मग पाकळ्यांमधला मायका करवतीच्या तुकड्याने खरवडायचा. वरून नख फिरवून मामा सांगायचे, "लागतंय का बघ. लागलं तर ब्रश नाचणार." रेसिंगच्या मोटारीत मायका नसायचा, पाकळ्यांमध्ये नुसती फट असायची. पण नखाची परीक्षा तीच. चांगला कम्युटेटर कातता येणारा माणूस ओव्हलवर जिंकायचा, आणि ते कसब विकत मिळत नव्हतं.

त्या काळच्या बॅटरीचाही हिशोब मांडायला हवा, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. निकेल-कॅडमियमचे सहा सेल, ७.२ व्होल्ट. सपाट पाटीवर बांधलेल्या हलक्या पॅन गाड्यांना चारच सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट. सेलची क्षमता १,२०० मिलीअँपिअर-तास धरली आणि शर्यत ४ मिनिटांची, तर सरासरी १८ अँपिअरपेक्षा जास्त ओढताच येत नाही. जास्त ओढलं की शेवटच्या मिनिटाला गाडी मरते. म्हणजे दाबलेल्या बोटाला विजेचा लगाम होता. फार तिखट मोटार लावून उपयोग नसे. साध्या स्टॉक वर्गात २७ वेढ्यांची मोटार, टायमिंग २४ अंशांवर पक्कं. त्याच्या वर १९ वेढ्यांचा वर्ग आणि सगळ्यांत वर मॉडिफाइड, तिथे वेढे कितीही कमी.

टायमिंग हा शब्द उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनच्या फिटरला समजावून सांगावा लागत नाही. इंजिनात डिझेल पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी सोडतात, कारण पेटायला वेळ लागतो. मोटारीतही वेढ्यात करंट चढायला वेळ लागतो, म्हणून तो थोडा आधी सोडायचा. किती आधी, त्याचे अंश म्हणजे टायमिंग. ब्रशच्या मोटारीत मागचं झाकण फिरवलं की ब्रशची जागा सरकायची आणि टायमिंग बदलायचं. टायमिंग वाढलं की वेग वाढतो, करंट वाढतो आणि उष्णताही वाढते.

ब्रश काढून टाकायची कल्पना जुनीच होती. अडचण अशी की ब्रश काढले तर करंट बदलणार कोण? उत्तर सेमीकंडक्टरने दिलं. १९६२ साली अमेरिकेत टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी ट्रान्झिस्टरने करंट बदलणाऱ्या डीसी मोटारीवर निबंध सादर केला. दुसरी गरज ताकदवान चुंबकाची होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सची प्रयोगशाळा, दोघेही वेगवेगळ्या वाटेने निओडिमियम, लोह आणि बोरॉनच्या चुंबकापर्यंत पोचले. बोटाच्या पेराएवढा चुंबक ५४० च्या डब्यात फिरवून गाडी पळवणं त्यानंतर शक्य झालं.

छंदाच्या जगात ब्रशलेस आधी विमानांत आली. नव्वदच्या दशकात विजेवर उडणाऱ्या मॉडेल विमानांना वजन परवडत नव्हतं, त्यांनी महागडी मोटार सोसली. गाड्यांच्या शर्यतीत ती २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिरली. कॅलिफोर्नियाच्या नोव्हाक कंपनीने या कामात मोठा वाटा उचलला.

माझ्या हातात पहिली ब्रशलेस मोटार आली तेव्हा मी ती आधी दुकानात नेली. मामांनी मागून पुढून पाहिली, शाफ्ट फिरवला, कान लावला.

"ह्यात ब्रश कुठं हाईत रं?"

मी झाकण उघडून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वाइंडिंग भाईर, मॅग्नेट आत. उलटं केलंय की सगळं!"

अगदी बरोबर. जे फिरत होतं ते स्थिर झालं आणि जे स्थिर होतं ते फिरायला लागलं. तांबं डब्याला चिकटून बसल्यामुळे त्याची उष्णता सरळ बाहेर जाते. फिरणाऱ्या भागाला तार जोडावीच लागत नाही. तीन तारा, तीन फेज, आणि स्पीड कंट्रोलरमधले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आळीपाळीने एकेका वेढ्यात करंट सोडतात. रोटर, म्हणजे फिरणारा चुंबक, कुठे आहे हे कळण्यासाठी आत तीन हॉल सेन्सर. करंट वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला की तिच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज उमटतं, हा एडविन हॉलचा १८७९ सालचा शोध. सेन्सरची माहिती सहा तारांच्या बारीक केबलने कंट्रोलरकडे जाते. सेन्सर नसलेल्या मोटारीही चालतात. त्या फिरायला लागल्यावर वेढ्यात उमटणाऱ्या व्होल्टेजवरून जागा ओळखतात, पण उभ्या मोटारीत व्होल्टेज नसतं, म्हणून सुटताना गचके देतात. घरातला नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी पंखाही याच घराण्यातला. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, हा तीसच्या आसपास.

शर्यतीत प्रश्न आला तो बरोबरीचा. जुन्या मोटारी एका रात्रीत कुणी फेकणार नव्हतं, म्हणून ब्रशलेसचे वेढे असे ठरले की दोन्ही एका वर्गात पळाव्यात. १७.५ साधारण जुन्या २७ च्या जागी, १३.५ साधारण १९ च्या जागी. कागदावर बरोबरी, पण ब्रशवाली मोटार दुसऱ्या हीटला उतरलेली असायची आणि ब्रशलेस दिवसभर तशीच. थोड्याच वर्षांत लेथ पेटीतून गेले. मला याचं वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. एक सुंदर कसब गेलं. पण ज्या पोराकडे लेथ नाही आणि शिकवणारा मामाही नाही, तो पहिल्यांदा बरोबरीने उभा राहिला.

त्याच सुमारास लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी आली आणि विजेचा लगाम सुटला. ५,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी ४ मिनिटांत संपवायची तर सरासरी ७५ अँपिअर ओढावे लागतील. स्टॉक वर्गात कुणी तेवढे ओढत नाही. वीज उरायला लागली आणि मर्यादा आली उष्णतेची. पॅन गाड्यांना चार सेलच्या जागी लिपोचा एकच सेल मिळाला, ३.७ व्होल्टचा. व्होल्ट कमी झाले म्हणून गिअर लांब करावे लागले, आणि रिसीव्हरला तेवढं व्होल्टेज पुरत नाही म्हणून ते वाढवणारा बूस्टर किंवा वेगळी छोटी बॅटरी लावावी लागली.

पुढचं वादळ २००९-१० च्या आसपास आलं. करंट कधी सोडायचा हे आता प्रोग्राम ठरवत होता. मग प्रोग्राममध्येच टायमिंग का वाढवू नये? कंट्रोलरवाल्यांनी ते केलं. फेरे वाढतील तसं टायमिंग आपोआप पुढे जायचं, त्याला बूस्ट म्हणायचे. थ्रॉटल पूर्ण दाबून काही क्षण गेले की आणखी अंश जोडले जायचे, ते टर्बो. डब्यावर १७.५ लिहिलेली मोटार कितीतरी कमी वेढ्यांच्या मोटारीसारखी पळायला लागली. ओव्हलवर थ्रॉटल सुटतच नसल्यामुळे इथे तर बूस्टला मोकळं रान होतं. आकड्याला अर्थ राहिला नाही. रुळलेला माणूस लॅपटॉप जोडून अंश मांडायचा, आणि नव्याची मोटार तिसऱ्या मिनिटाला जळायची.

आमच्यातल्या एकाची अशीच जळाली. मी ती मामांकडे नेली. त्यांनी नुसता वास घेतला आणि म्हणाले, "वार्निश गेलंय." मग रोटरजवळ स्क्रू धरला. तो चिकटला, पण पूर्वीसारखा ओढून घेतला गेला नाही. तापल्यावर निओडिमियम आपला जोर गमावतो, साध्या प्रतीचा तर ८० अंश सेल्सिअसच्या पुढेच. तांबं नवं घालता येतं, पण गेलेली चुंबकशक्ती रिवाइंडिंगच्या दुकानात परत येत नाही.

यावर जो तोडगा निघाला तो मला फार आवडतो, कारण तो डोळ्यांनी दिसतो. स्टॉक वर्गात कंट्रोलरने टायमिंगचा एकही अंश जोडायचा नाही, आणि तो त्या मोडमध्ये आहे हे कळावं म्हणून त्याचा दिवा लुकलुकत राहायचा. रेसर त्याला ब्लिंकी म्हणतात. तपासणाऱ्याला लॅपटॉप लागत नाही, गाडीकडे एक नजर पुरते. टायमिंग पुन्हा मोटारीच्या मागच्या झाकणावर आलं, ब्रशच्या काळात होतं तिथेच. स्पर्धा संपली नाहीच. लोक एकाच छापाच्या मोटारींतून कमी रेझिस्टन्सची निवडतात, मोटार चेकर लावून फेरे आणि टायमिंग मोजतात. म्हणून काही ठिकाणी २१.५, २५.५ वेढ्यांचे सावकाश वर्ग निघाले, काही ठिकाणी टायमिंग पक्कं केलेल्या मोटारी.

आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी कळंब्याकडे एका इमारतीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जमतो. कोब्यावर खडूने लंबगोल आखतो, आधी झाडू, मग ओलं फडकं, कारण फोमच्या टायरला धूळ अजिबात खपत नाही. पॅन गाडीत गिअरबॉक्स नसतो. मोटारीचा पिनियन, म्हणजे शाफ्टवरचा छोटा गिअर, सरळ मागच्या धुरीवरच्या मोठ्या गिअरला फिरवतो. टायर ५० मिलिमीटरचा, पिनियन ४० दातांचा, मोठा गिअर ८० चा, तर मोटारीच्या एका फेऱ्यात गाडी साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर पुढे जाते. फोम झिजून ४९ झाला की तेच ७७ वर येतं. गेल्या रविवारी दुसऱ्या हीटनंतर मी कॅलिपर लावला तेव्हा ४९ च भरला. पिनियन ४१ चा घातला, आकडा ७९ च्या जवळ गेला. झाकणावरचं टायमिंग दोन अंश मागे घेतलं, डब्यावर बोट ठेवून मनात पाचपर्यंत मोजलं, आणि बोट काढावं लागलं नाही तेव्हा गाडी पुन्हा खाली ठेवली.