‘कोड खुला ठेवला की चुका आपोआप सापडतात’: खरं काय?

कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या नि वाटायच्या संकेतस्थळावर) टाकला की कोणीतरी बघतं आणि चुका सांगतं, असं नवशिके अजून मानतात. ओपनएसएसएल, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याचा कोड साऱ्या जगाला खुला होता. तरी हार्टब्लीड ही त्रुटी मार्च २०१२ च्या आवृत्तीतून बाहेर पडली ती एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. दिसणं वेगळं, वाचणं वेगळं.

फोंड्याकडच्या आमच्या जत्रेतल्या नाटकाच्या वर्गणीची नोंद ठेवायला मी छोटं वेब अ‍ॅप केलं. पाच जणांना दुवा पाठवला, ‘जरा बघ रे’. उत्तर एकच, ‘मस्त!’ (त्यातल्या दोघांचा नुसता अंगठा.) मग म्हापशाच्या मैत्रिणीला एकच फाइल दिली, नाव साठवणारी, आणि विचारलं, काय घातलं तर हे मोडेल? तिनं रोमन लिपीत डिसोझा लिहिलं, ‘डी’नंतरच्या अपॉस्ट्रॉफीसकट. अ‍ॅप कोसळलं! मी नाव थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेच्या, वाक्यात चिकटवत होतो. तिथे ते चिन्ह म्हणजे मजकूर संपल्याची खूण, पुढचं सगळं आज्ञा म्हणून वाचलं जातं. याच फटीतून कोणी मुद्दाम स्वतःची आज्ञाही घुसवू शकतो. उपाय सोपा: आज्ञेत नावासाठी नुसती जागा राखायची, नाव वेगळं पाठवायचं. गोव्यात हे आडनाव पहिल्याच आठवड्यात आलं असतं म्हणा.

तेव्हा थोडा कोड द्या, शंका कुठे आहे ते सांगा. आणि पासवर्ड त्यात असेल तर नुसता खोडू नका, बदला. गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाच्या) जुन्या नोंदींत तो राहतोच.