डिजिटल छायाचित्राचे आकारमान आणि रिझोल्यूशन

डिजिटल छायाचित्र आडव्या ओळींत आणि उभ्या रांगांत मांडलेल्या पिक्सेलांचे, म्हणजे रंगाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे, बनलेले असते आणि या पिक्सेलांची संख्या हेच त्याचे खरे माप होय. ६००० × ४००० पिक्सेलांच्या छायाचित्रात एकूण २.४ कोटी, म्हणजे २४ मेगापिक्सेल भरतात. रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत संगणकात उतरवलेली आरंभीची प्रतिमा १७६ × १७६ पिक्सेलांची होती, तर स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत तयार केलेला डिजिटल कॅमेरा जेमतेम १०,००० पिक्सेल टिपत असे.

छपाईच्या संदर्भात रिझोल्यूशन म्हणजे कागदावरील एका इंचात किती पिक्सेल बसवायचे याचे प्रमाण. ते पीपीआय (पिक्सेल्स पर इंच, म्हणजे दर इंचातील पिक्सेल) या एककात सांगतात. वरील छायाचित्र ३०० पीपीआयने छापले तर २० × १३.३ इंचांचे होते आणि १५० पीपीआयने छापले तर ४० × २६.७ इंचांचे, पिक्सेल मात्र तेच राहतात. फाइलमध्ये नोंदवलेला पीपीआयचा ७२ हा आकडा बदलून ३०० केला, पण पिक्सेलांची संख्या कायम ठेवली, तर छायाचित्राच्या दर्जात तिळमात्र फरक पडत नाही. म्हणूनच ‘३०० डीपीआयचा (डॉट्स पर इंच, म्हणजे दर इंचातील ठिपके; येथे अर्थ पीपीआयचाच) फोटो पाठवा’ ही सर्रास केली जाणारी मागणी छपाईचे माप सांगितल्याशिवाय अपुरी ठरते: ६०० × ४०० पिक्सेलांच्या फाइलवरही ३०० हा आकडा घालता येतो, परंतु त्या घनतेने ती अवघी दोन इंच रुंद छापली जाईल.

३०० या आकड्यामागे डोळ्याची मर्यादा आहे. निरोगी डोळा साधारणपणे एक कोनीय मिनिट (एका अंशाचा साठावा भाग) इतका बारकावा ओळखतो आणि हातभर अंतरापेक्षा थोडे जवळून, सुमारे ३० सेंटिमीटरवरून पाहताना ही मर्यादा २९० पीपीआयच्या आसपास येते. दुरून पाहायच्या मोठ्या फलकाला याहून कितीतरी कमी घनता पुरते.

कमी पिक्सेलांचे छायाचित्र सॉफ्टवेअरने मोठे केले, तर नवे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात. बायक्युबिक पद्धतीत प्रत्येक नव्या पिक्सेलासाठी भोवतालचे १६ पिक्सेल विचारात घेतले जातात. त्यामुळे कडा गुळगुळीत होतात, पण मुळात न टिपलेली पापणीची केसरेघ या गणिताने परत येत नाही. उलट, लहान केलेल्या प्रतीतून टाकून दिलेला तपशीलही कायमचा जातो. मूळ फाइल जपून ठेवणे यासाठीच अत्यावश्यक आहे.

मेगापिक्सेलचा आकडा क्षेत्रफळाचा असल्याने तीच घनता राखून छपाईची लांबी-रुंदी दुप्पट करायची, तर १२ ऐवजी ४८ मेगापिक्सेल लागतात. शिवाय हा आकडा केवळ वरची मर्यादा दाखवतो. भिंगाची कुवत, भिंगाच्या लहान छिद्रामुळे होणारे प्रकाशाचे विवर्तन (किरणांचे पसरणे) आणि हाताचा कंप यांमुळे प्रत्यक्ष टिपला जाणारा तपशील त्याहून बराच कमी असू शकतो.

फाइलचे वजन ही आणखी वेगळी बाब आहे. प्रत्येक पिक्सेलाला तीन बाइट धरले तर २४ मेगापिक्सेलची असंकुचित प्रतिमा सुमारे ७२ मेगाबाइट भरते. जेपेग पद्धत पिक्सेलांच्या संख्येला हात न लावता, सूक्ष्म तपशिलाचा काही भाग गाळून ती अनेक पटींनी हलकी करते.