कातीची माकडं : बीजिंगच्या ‘माओ होउ’ची पार्श्वभूमी

माओ होउ म्हणजे केसाळ माकड : सिकाडा या किरकिरणाऱ्या कीटकाने टाकलेली कात आणि झाडाची कळी जोडून केलेली बीजिंगची हस्तकला. बोटाच्या पेरात मावणारी ही माकडं पालखी वाहतात, हजामत करतात, काडीला टोचलेली पाकातली फळं विकतात.

जन्मकथा दाओग्वांग बादशहाच्या काळातली, म्हणजे १८२१ ते १८५० मधली सांगतात. बीजिंगच्या शुआनवू दरवाजाबाहेर एक औषधांचं दुकान होतं. मुनीमजींची बोलणी खाल्लेला तिथला पोऱ्या रात्री औषधं चाळत बसला होता. सिकाडाची कात हाती आली, तिच्यात त्याला मुनीमजींचं चिपाड तोंड दिसलं आणि त्याने त्यांचीच मूर्ती केली. कथेवर तिखटमीठ चढलं असेल, पण गाभा मला पटतो. कारण लागणाऱ्या चारही वस्तू औषधवाल्याच्या कपाटातल्याच आहेत : सिकाडाची कात, मॅग्नोलियाची लवदार कळी, एका ऑर्किडच्या कंदाची खळ आणि टोप्यांसाठी एका वेलीच्या खोडाच्या चकत्या. पुढे दुकानदार ‘माकडाचं सामान’ म्हणून याच्या पुड्या विकू लागला, असंही त्या कथेत येतं.

खरा घोळ आहे तो वर्गवारीचा. या मांडण्या सरसकट ‘जतन केलेल्या कीटकांची कला’ या सदरात टाकल्या जातात. त्याच सदरात मेक्सिकोतल्या आगपेटीएवढ्या डब्यांतल्या, कपडे चढवलेल्या मेलेल्या पिसवा येतात. रशियन साम्राज्यात १९१० च्या सुमारास मेलेल्या भुंग्यांच्या पायांना तारा जोडून चित्रपट काढले गेले, तेही येतात. तिथे कीटक मेलेला असतो. माओ होउमध्ये तो पाठ उकलून केव्हाच उडून गेलेला असतो. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या अखेरीस झाडाच्या सालीला चिकटलेली अशी तपकिरी पोकळ कात ज्याने अलगद सोडवली आहे, त्याला हा फरक समजावावा लागत नाही. कीटकशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं आणि तेही रास्त आहे : कातीवरून जात ओळखता येते, संग्रहालयं काती सांभाळतात, म्हणून ती कीटकाचा नमुनाच. पण औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या या कातीच्या चिनी नावातच ‘टाकलेली’ हा अर्थ आहे. माझं मत त्या नावाच्या बाजूने.

रचनाही कातीच्या अवयवांवरच ठरते. सोंडेकडचा भाग डोकं होतो. जमीन खणणारे पुढचे दणकट पाय माकडाचे पाय होतात आणि मागचे लांब पाय हात. कळीची लव म्हणजे अंगावरचे केस. सगळा भाव मानेच्या कलात आणि कोपराच्या वाकात.

बीजिंगमधल्या छांगद्यानच्या नववर्ष जत्रेत ही माकडं विकली जात. १९६० च्या दशकात जत्रा बंद पडली आणि कलेचे हातही थोडेच उरले. १९८० च्या दशकात एका ज्येष्ठ कारागिराने ती पुन्हा उभी केली. जुन्या बीजिंगचे फेरीवाले, वराती, रिक्षावाले आज आपण पाहतो ते बहुतांशी त्या पुनरुज्जीवनामुळे. २००१ मध्ये जत्राही परतली. नंतर शहराच्या अमूर्त वारशाच्या यादीत नाव लागलं, शाळांमधून वर्ग सुरू झाले, माकडं काचेच्या पेट्यांत गेली. कंदाच्या खळीऐवजी बाटलीतला पांढरा गोंदही आला.

कच्च्या मालाचं वेळापत्रक मात्र जुनंच आहे. कात उन्हाळ्यात गोळा करायची, कळी थंडी सरताना, उमलण्याआधी खुडायची. कळी उमलली की माकडाचं अंग गेलं.