आरसा गेला, पण वजन कुठे गेले? मिररलेस कॅमेऱ्याच्या आकारामागचा इतिहास

नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा जाहीर झाला की विदर्भातल्या हौशी छायाचित्रकारांच्या बोलण्यात दोन प्रश्न सर्वांत आधी येतात: तो किती लहान आहे आणि त्याच्या चित्राचा दर्जा कसा आहे. ताडोब्यात मोहर्ली किंवा कोलारा दारातून पहाटे जिप्सीने आत जाणारा, गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांमधून सारस शोधत मोटरसायकलने फिरणारा आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो रात्रभर उभे राहून काढणारा, या तिघांच्याही खांद्यावर पिशवी असते आणि तिघांनाही अपुऱ्या उजेडात काम करावे लागते, त्यामुळे हे प्रश्न येथे नुसत्या कुतूहलाचे नाहीत. अडचण एवढीच आहे की ते बहुधा बॉडीपुरते, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यापुरते, विचारले जातात. गेल्या शंभर वर्षांत आकार आणि दर्जा यांचा हिशेब बॉडीवर कधीच संपलेला नाही. तो आधी फिल्मच्या आणि पुढे तिच्या जागी आलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या क्षेत्रफळावर व लेन्सच्या काचेवर ठरत आला आहे.

आज ज्याला आपण फुल फ्रेम म्हणतो ते २४ × ३६ मिलिमीटरचे माप मुळात लहान कॅमेऱ्यासाठीच जन्माला आले. जर्मनीतल्या वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवून, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट आकाराची चौकट घेतली आणि १९१३-१४ च्या सुमारास पहिला नमुना तयार केला. त्याच कल्पनेतून घडलेला लायका कॅमेरा १९२५ च्या लाइपझिग येथील वसंत जत्रेत लोकांसमोर आला. मोठ्या काचपट्ट्यांवर काम करणाऱ्यांना ही चौकट अगदीच चिमुकली वाटत होती, आणि तिच्यातून मोठा छाप काढल्यावर रवाळपणा दिसतो हा त्यांचा आक्षेप खराही होता. तरीही खिशात मावणारा कॅमेरा जेथे नेता येतो तेथे मोठा नेता येत नाही, हा युक्तिवाद अखेर वरचढ ठरला. आजच्या चर्चेतले दोन्ही पक्ष तेव्हाच उभे राहिले होते.

लायकात आरसा नव्हता. नजरेसाठी वेगळी खिडकी आणि अंतर जुळवण्यासाठी रेंजफाइंडर अशी ती रचना होती. जवळच्या वस्तू आणि लांब पल्ल्याच्या लेन्स यांच्यासाठी ती अपुरी पडे, कारण खिडकीतून दिसणारे दृश्य आणि लेन्सला दिसणारे दृश्य यांत फरक राही. तो मिटवण्यासाठी लेन्सचेच दृश्य डोळ्याकडे वळवणारा तिरपा आरसा लेन्समागे आला. १९३६ च्या किने एक्झाक्टाने ही रचना ३५ मिलिमीटर फिल्मवर आणली, १९५४ च्या असाहीफ्लेक्स टू-बीमध्ये फोटो निघताच आरसा आपोआप जागेवर परतू लागला, आणि १९५९ च्या निकॉन एफने वृत्तछायाचित्रकारांना आपल्याकडे वळवले. मात्र आरशाला वर-खाली होण्यासाठी मोकळी जागा लागते. त्यामुळे लेन्सचा माउंट (लेन्स जेथे जोडली जाते ते कडे) आणि फिल्म यांच्यातले अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ मिलिमीटर ठेवावे लागले, तर लायकाच्या एम माउंटमध्ये ते केवळ २७.८ मिलिमीटर आहे. या जागेची किंमत जाडीपुरती नव्हती. रुंद कोनाच्या लेन्सची मागची काच फिल्मजवळ नेता येईना, म्हणून त्या लेन्स उलट्या दुर्बिणीच्या तत्त्वावर, अधिक आणि मोठ्या काचा घालून बांधाव्या लागल्या.

लहान कॅमेऱ्याची ओढ या काळातही सुटली नव्हती. ऑलिंपसचे अभियंते योशिहिसा मैतानी यांनी १९५९ मध्ये अर्ध्या चौकटीचा पेन कॅमेरा आणला. फिल्मची चौकट निम्मी केल्यामुळे कॅमेरा व लेन्स दोन्ही लहान झाल्या आणि एका रोलमध्ये दुप्पट फोटो बसले, पण मोठ्या छापात रवाळपणाही वाढला. १९७२ मध्ये त्यांनीच आधी एम-१ आणि नंतर ओएम-१ या नावाने विकला गेलेला कॅमेरा आणला. त्यात चौकट पूर्ण ठेवून, आरसा असूनही बॉडी लहान करून दाखवली होती. दोन मार्ग स्पष्ट झाले होते: चौकट कमी करून आकार कमी करायचा, किंवा चौकट तशीच ठेवून भोवतालचे यंत्र आवळायचे. डिजिटल काळातल्या प्रत्येक कंपनीने या दोहोंपैकीच एक मार्ग धरला आहे.

डिजिटलच्या पहिल्या दशकात या दोन्ही मार्गांचे तोटे मात्र एकत्र भोगावे लागले. मोठा सेन्सर बनवणे अतिशय महाग होते, म्हणून १९९९ च्या निकॉन डी-१ मध्ये आणि २००३ च्या कॅनन ३००डी मध्ये एपीएस-सी आकाराचा सेन्सर बसवला गेला, ज्याचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या निम्म्याहून कमी असते. जुन्या लेन्स चालाव्यात म्हणून माउंट मात्र तोच राहिला. चौकट लहान झाली, बॉडी लहान झाली नाही आणि व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहण्याची खिडकी, तेवढा अरुंद झाला. ऑलिंपसने २००३ च्या ई-१ साठी १७.३ × १३ मिलिमीटरचा फोर थर्ड्स सेन्सर आणि त्याच्या मापाचा नवा माउंट घेतला, पण आरसा कायम ठेवला, आणि एवढ्या लहान सेन्सरच्या मानाने कॅमेरा जाडच राहिला.

ही कोंडी २००८ मध्ये फुटली. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी ऑगस्टमध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही प्रणाली जाहीर केली. सेन्सर तोच ठेवून आरसा काढल्यामुळे माउंट आणि सेन्सर यांच्यातले अंतर ३८.६७ वरून १९.२५ मिलिमीटरवर, म्हणजे निम्म्यावर आले. सप्टेंबरमध्ये पॅनासॉनिकचा जी-१ जाहीर झाला. त्याच्या बॉडीचे वजन ३८५ ग्रॅम होते आणि सेन्सरवरचे दृश्य इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत होते. २००९ मध्ये ऑलिंपसने पेन हेच नाव पुन्हा वापरून ई-पी-१ आणला. २०१० च्या सोनी नेक्स-५ ने तर एपीएस-सी सेन्सर इतक्या बारीक बॉडीत बसवला की सोबतची झूम लेन्सच कॅमेऱ्यापेक्षा मोठी दिसू लागली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका क्षण तोच आहे. बॉडी कितीही आवळली तरी लेन्सला त्या सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत प्रकाश पोचवावाच लागतो, आणि आरसा काढल्याने त्या गरजेत काहीच फरक पडत नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये सोनीने ए-७ आणि ए-७-आर जाहीर केले आणि फुल फ्रेम सेन्सर बॅटरीसह ४७४ ग्रॅमच्या बॉडीत आला. मोठा सेन्सर व लहान कॅमेरा हा वाद आता मिटला, असा अनेकांचा समज झाला. पुढची वजने पाहिली की तो कसा विरला ते कळते. सेन्सर हलवून थरथर थोपवणारी यंत्रणा आल्यावर २०१४ चा ए-७ टू ५९९ ग्रॅमचा झाला, मोठी बॅटरी आल्यावर २०१८ चा ए-७ थ्री ६५० ग्रॅमवर गेला, आणि निकॉनचा २०२१ चा झेड-९ तर १,३४० ग्रॅमचा आहे. वापरणाऱ्यांनी मागितलेली पकड, बॅटरी आणि स्थैर्य मिळत गेले आणि आरसा काढून वाचवलेले वजन हळूहळू परत आले. पहिल्या ए-७ च्या एका बॅटरीत मानक चाचणीनुसार सुमारे ३४० फोटो निघत, ए-७ थ्री मध्ये ७१०. ज्या गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेथे वाढलेल्या वजनाबद्दल तक्रार करण्याचे कारण मला दिसत नाही.

खरा लाभ काचेत झाला, आणि तोही उशिरा. निकॉनचा झेड माउंट सेन्सरपासून १६ मिलिमीटरवर आणि ५५ मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे मोठी मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ नेता येते. लेन्सच्या नावातला पहिला आकडा तिचा पल्ला मिलिमीटरमध्ये सांगतो, आणि ‘एफ/’ पुढचा एपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या द्वाराचा, आकडा जितका लहान तितके द्वार मोठे. कॅननच्या आरशाच्या काळातल्या ७०-२०० एफ/२.८ लेन्सची शेवटची आवृत्ती १,४८० ग्रॅमची होती. मिररलेससाठी २०१९ मध्ये आलेली त्याच मापाची लेन्स १,०७० ग्रॅमची आहे. सोनीची २०१६ ची २४-७० एफ/२.८ ही ८८६ ग्रॅमची लेन्स २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ६९५ ग्रॅमवर आली. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये मात्र अशी मोठी बचत आरसा गेल्यामुळे होत नाही, कारण तेथे आकार पुढच्या काचेच्या व्यासावर ठरतो. वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यायला हवी.

दर्जाचा प्रश्न येथेच आकाराला येऊन मिळतो. प्रकाश कणाकणांनी येतो आणि त्याच्या येण्यात नैसर्गिक चढउतार असतो. जितके कण जास्त गोळा होतील तितका चित्रातला नॉइज, म्हणजे डिजिटल रवाळपणा, त्यांच्या मानाने कमी दिसतो. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर आणि मायक्रो फोर थर्ड्सचे सुमारे २२५, म्हणजे जवळजवळ चौपट फरक. एपर्चरचा आकडा आणि शटरचा वेग तोच ठेवला तर मोठ्या सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो, आणि चित्राची स्वच्छता त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे दुपटीने वाढते. चर्चेत ‘दोन स्टॉपचा फरक’ म्हणतात तो हाच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. पण तो एपर्चरचा आकडा सारखा असेल तेव्हाच खरा असतो.

ताडोब्यातले उदाहरण घेऊ. एकाकडे ए-७ थ्री आणि सोनीची २००-६०० लेन्स आहे. लेन्स २,११५ ग्रॅमची, एकूण भार पावणेतीन किलोच्या वर. दुसऱ्याकडे १९७२ च्या कॅमेऱ्याचेच नाव घेतलेला २०२२ चा मायक्रो फोर थर्ड्स मिररलेस ओएम-१ आणि ऑलिंपसची ३०० एफ/४ लेन्स आहे. बॉडी ५९९ ग्रॅम, लेन्स ट्रायपॉडच्या कड्याशिवाय १,२७० ग्रॅम, एकूण दोन किलोंच्या आत. दोघांनाही वाघ चौकटीत सारखाच मोठा दिसतो. पहिल्याची लेन्स ६०० मिलिमीटरला एफ/६.३ वर असते, म्हणजे प्रकाश आत येण्याचे द्वार सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाचे. दुसऱ्याचे द्वार ७५ मिलिमीटरचे. वाघाकडून येणारा प्रकाश याच द्वारातून जातो, म्हणून प्रत्यक्ष फरक चौपट नसून सुमारे १.६ पट, म्हणजे एका स्टॉपच्या दोन-तृतीयांश इतका राहतो. पाऊण स्टॉपहून कमी असलेल्या या फरकासाठी जवळजवळ ९०० ग्रॅम अधिक उचलायचे की नाही, हा निर्णय ज्याने त्याने आपल्या खांद्याचा आणि आपल्या उजेडाचा विचार करून घ्यावा. मे महिन्यात चढत्या उन्हात तापलेल्या जमिनीवरून हवा लहरू लागली की लांबचे चित्र दोघांचेही सारखेच बिघडते, आणि त्यावर सेन्सरचा आकार काही इलाज करू शकत नाही.

झाडीपट्टीच्या रंगमंचावर हिशेब पालटतो. दिवाळीनंतर देसाईगंज-वडसा आणि आसपासच्या गावांत मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. तेथे अंतर कमी असते, लेन्स एफ/२.८ ची किंवा त्याहून उघडी वापरता येते, आणि अभिनेता हलत असल्यामुळे शटरचा वेग कमी करून भागत नाही. थरथर थोपवणारी यंत्रणा हात स्थिर करते, नट स्थिर करत नाही. येथे एपर्चरचा आकडा खरोखरच सारखा राहतो आणि मोठ्या सेन्सरला त्याचा पूर्ण लाभ मिळतो. अपवाद एकच: दोन पात्रे मागेपुढे उभी असतील आणि दोघेही स्पष्ट हवे असतील, तर मागेपुढचे दोन्ही स्पष्ट यावे म्हणून फुल फ्रेमवाल्याला एपर्चर लहान करावे लागते आणि तो लाभ तेवढ्यापुरता संपतो. आरसा गेल्याचा आणखी एक फायदा म्हणजे आवाज न करता फोटो काढता येणे, जे शांत प्रसंगात पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांसाठी मोलाचे आहे. मात्र एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने चित्रावर पट्टे उमटू शकतात, म्हणून ही सोय वापरण्याआधी तिथल्याच दिव्यांखाली तपासून पाहिली पाहिजे.

धुळीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. आरसा नसल्याने लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो. २०१८ च्या कॅनन ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटर मिटून सेन्सर झाकण्याची सोय आली, पण ती सर्वच कॅमेऱ्यांत नाही.

आता तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओंचा प्रश्न उरतो. निकॉन आणि कॅनन यांनी २०१८ मध्ये झेड आणि आर या मिररलेस मालिका आणल्या. २०२० नंतर त्यांचा विकासाचा सारा भर तिकडेच आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे जुन्या लेन्स आहेत त्यांनाही केव्हातरी बदल करावा लागेल. ॲडाप्टर लावून जुनी लेन्स चालते, पण तो आरशाने सोडलेली जागाच भरून काढतो: कॅननमध्ये ४४ वजा २०, म्हणजे २४ मिलिमीटर, आणि निकॉनमध्ये साडेतीस. बॉडीत वाचलेली जाडी त्यामुळे पुढे परत येते. कॅननच्या ईएफ लेन्सचा ऑटोफोकस ॲडाप्टरवर चालतो. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, उदाहरणार्थ लग्नाच्या कामात अनेकांनी वापरलेली ५० मिलिमीटर एफ/१.८ डी, तिचा फोकस निकॉनच्या एफटीझेड ॲडाप्टरवर हातानेच जुळवावा लागतो. अशा लेन्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नव्या बॉडीच्या किमतीत नव्या लेन्सची किंमतही आधीच धरावी.