पडद्यामागची मराठी

आम्हाला बाहुल्या शिकवणारे गुरुजी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर होते. त्यांची पत्र्याची पेटी उघडली की आधी मेथीचा वास यायचा. कीड लागू नये म्हणून कागदाच्या लगद्यात ते मेथीची पूड कालवत. लहानपणची एक जत्रा ते पुन्हा पुन्हा सांगत. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ लागला होता, राम कन्नड, रावणही कन्नड. हे पोर उठून मागं डोकवायला गेलं, तर पडद्याआड एक बाई आपल्या लेकराला ओरडत होती, ती मराठीत.

गुरुजींना ते कोडं वाटलं, पण ते तसं नव्हतं. उत्तर कर्नाटकात ‘तोगलु गोंबेयाट’, म्हणजे हाच चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, करणारे किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात समाजाचे लोक घरात मराठीचीच एक बोली बोलतात आणि आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले असं सांगतात. आंध्रात आणि तमिळनाडूतही चामड्याच्या बाहुल्या नाचवणाऱ्या अनेक घरांची बोली मराठी वळणाची आहे. खेळ मात्र ज्या मुलखात पोट भरायचं, त्या मुलखाच्या भाषेत.

खेळाची रीत अशी. कातडं आरपार उजेड दिसेल इतकं तासायचं, रंगवायचं, पांढऱ्या पडद्याला टेकवायचं आणि मागं दिवा लावायचा. राजा आकारानं मोठा, चाकर लहान. म्हणजे मान बाहुलीच्या मापावरूनच कळतो! सुरुवातीला किळ्ळेक्यात याच नावाचा वात्रट विदूषक आणि त्याची बायको बंगारक्का येऊन लोकांना हसवणार, मग रामायण-महाभारत. पाऊस लांबला की गावोगाव हा खेळ मुद्दाम लावत, कारण त्यानं पाऊस येतो अशी श्रद्धा. या परंपरेतल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती.

बेळगावहून दुसऱ्या बाजूला आंबोली घाट उतरला की सावंतवाडी आणि पुढं कुडाळजवळचं पिंगुळी. तिथले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या असं तिन्ही सांभाळून आहेत. सावंतवाडीकर राजांचा त्यांना आश्रय होता. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाल्यावर पिंगुळीचं नाव घाटावर ऐकू आलं, नाहीतर आमच्याकडं सावंतवाडी म्हणजे लाकडी खेळणी, एवढंच. दोरीवरची बाहुली मराठीला नवी मुळीच नाही. ज्ञानेश्वरीतही सायखड्याच्या, म्हणजे दोरीनं नाचणाऱ्या, बाहुल्याचा दृष्टान्त आहे.

सांगलीचा धागा गुरुजींच्या विशेष आवडीचा. कर्नाटकातल्या भागवत नाटकमंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं आणि 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं राहिलं. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या. त्या पुढं कित्येक वर्षं पेटाऱ्यात पडून होत्या. बोलक्या बाहुल्यांचे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. बेळगावला खेटून असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानातच होतं, त्यामुळं “भावे आमच्या सरकारचेच” असं शहापुरात वाढलेले गुरुजी ऐटीत म्हणायचे.

1956 मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. सीमावादाबद्दल पुष्कळ लिहून झालंय, ते इथं नको. बाहुल्यांपुरतं बोलायचं तर वाटणी विचित्र झाली. गोंबेयाट कन्नड खात्यात, पिंगुळी महाराष्ट्राच्या खात्यात. आमच्या मराठी शाळेतल्या पोराला यातलं काहीच ‘आपलं’ म्हणून कुणी दाखवलं नाही. माझ्या मते तोटा सगळ्यात जास्त इथंच झाला.

गुरुजी यांपैकी कुठल्याच घराण्याचे नव्हते. त्यांची हातमोजा बाहुली शाळेतून आली. 1979 मध्ये दिल्लीत सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, तेव्हापासून देशभरच्या शिक्षकांना वर्गात बाहुली वापरायला शिकवलं जातं. अशाच एका शिबिरातून ते शिकून आले आणि घरातल्या जुन्या लुगड्याचा पडदा केला. हात कितीही दुखला तरी बाहुलीची मान खाली जाता कामा नये, यावर त्यांचा कटाक्ष. मान पडली की म्हणत, “झोपली बघ ती. आता तूच बोलत बस.” पावसाळ्यात बाहुल्यांना बुरशी यायची, मग आम्ही सगळे त्यांच्या चुलीभोवती हातात बाहुली घालून शेकत बसायचो.

त्यांच्या प्रत्येक खेळात सुरुवातीला एक ढेरपोट्या यायचा. नाव किल्ल्या, ते कुठून उचललं हे सांगायला नकोच. तो कन्नड पाहुणा, समोर मराठी आजी. तो हात जोडून म्हणायचा, “बर्री अज्जी, बर्री!” म्हणजे या, या. आजी जागची हलायची नाही. “बरी आहे रे बाबा, गुडघे तेवढे दुखतात.” तो आणखी जोरात “बर्री!”, ती आणखी चिडून “बरी आहे म्हटलं ना!” पुढं आजी काठी घेऊन त्याच्या मागं लागायची. पोरं दोन्ही भाषांत हसायची.