मुदतवाढीचे शिपाई

सक्तीच्या भरतीवर चालणाऱ्या सैन्यात ठरलेली वर्षं भरली की बहुतेक जण बिस्तरा गुंडाळून घरी जातात, पण थोडे जण स्वतःहून करार करून मागे राहतात आणि अधिकारी न होता शिपाई, नाईक, सार्जंट अशा पदांवरच नोकरी काढतात. त्यांना इथे मुदतवाढीचे शिपाई म्हटलंय. मराठीत याला ठरलेला शब्द नाही, ‘दीर्घसेवा सैनिक’ असंही लिहिलेलं दिसतं, पण त्यात स्वेच्छेने भरती झालेलेही येतात आणि मग मूळ मुद्दाच निसटतो. मुद्दा असा की बाजूच्या खाटेवरचा माणूस नाइलाजाने आलाय, हा मर्जीने राहिलाय, आणि याला राहावंसं वाटावं म्हणून सरकारला काहीतरी द्यावं लागतं. पगार, जेवण, कपडे हे सगळीकडे थोडंफार सारखंच, त्यात फार सांगण्यासारखं नाही. खरा फरक पडतो तो नंतर काय मिळणार यात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण रोमच्या प्रजासत्ताकापर्यंत मागे जातात. तिथे नागरिकांची सक्तीची भरती होती, आणि रोमन इतिहासकार लिव्हीने इ.स.पू. १७१ चा एक प्रसंग दिलाय : मॅसिडोनियाविरुद्धच्या युद्धासाठी भरती चाललेली, आधी सर्वात वरच्या सेंच्युरियनपदावर (सेंच्युरियन म्हणजे शंभरेक शिपायांच्या तुकडीचा नायक) राहिलेल्या २३ जणांनी तक्रार केली की आम्हाला आता खालच्या जागेवर घेताय, आणि तेव्हा स्पुरियस लिगुस्तिनुस नावाचा पन्नाशी ओलांडलेला सेंच्युरियन उठून बोलला. २२ वर्षं नोकरी, शौर्याची ३४ बक्षिसं, नागरिकाचा जीव वाचवल्याबद्दलचे ६ मुकुट, आणि घरी बापाने ठेवलेली एक युगेरुम जमीन, म्हणजे अर्ध्या एकराहून थोडीशीच जास्त. शेवटी त्याला पहिल्या लीजनमध्ये, म्हणजे रोमन फौजेच्या पहिल्या मोठ्या दलात, सर्वात वरचं सेंच्युरियनपद मिळालं. आता हे भाषण जसंच्या तसं झालं असेल हे अवघडच आहे, लिव्हीने ते रचलं असावं किंवा निदान घासूनपुसून घेतलं असावं असं मानणं जास्त सुरक्षित. तरी आकडे बाजूला ठेवले तरी माणसाचा नमुना खोटा वाटत नाही. मात्र याला या प्रथेचा उगम म्हणणं जरा ओढूनताणून होतं, कारण लिगुस्तिनुसकडे सलग चालणारा करार नव्हता, दर मोहिमेला नवी भरती होती.

कराराची पद्धत नीट दिसते ती प्रशियात, म्हणजे पुढे ज्याच्याभोवती जर्मनी एक झाला त्या राज्यात. तिथल्या अशा शिपायाला ‘कापिटुलांट’ म्हणत आणि त्याच्या कराराला ‘कापिटुलात्सिओन’. हा शब्द लॅटिन ‘कापितुलुम’ म्हणजे छोटं डोकं, त्यावरून मथळा, कलम यावरून आलाय, म्हणजे कलमवार लिहिलेला करार. शरणागतीला जो शब्द वापरतात तोही हाच, शरण जातानाही अटी कलमवारच लिहितात म्हणून, त्यामुळे ‘कापिटुलांट म्हणजे हार मानून सैन्यात राहिलेला’ असा अर्थ कुणी काढला तर तो गमतीपुरता ठीक. सैन्यात हा शब्द कुठून शिरला याचे दोन धागे दाखवता येतात. एक, स्विस प्रांत परक्या राजांना पलटणी भाड्याने देत त्या करारांना हेच नाव होतं. दोन, अठराव्या शतकात प्रशियाच्या सैन्यातले परदेशी रंगरूट ठरावीक वर्षांचा करार करून येत, त्यालाही हेच नाव. दुसरा धागा जास्त पटतो, कारण तिथे सही एकट्या माणसाची असते, पलटणीची नाही, आणि पुढे अर्थ टिकला तोही एकट्या माणसाच्या कराराचाच.

१८१४ च्या कायद्याने प्रशियात सर्वांना लष्करी सेवा आली, उभ्या फौजेत ३ वर्षं. १८९३ ला पायदळाची २ झाली, घोडदळाची ३ च राहिली. दोन वर्षांत माणूस कवायत शिकतो, दुसऱ्याला शिकवायला तयार होतो, आणि नेमका तेव्हाच जातो. म्हणून कापिटुलांट लागत होते, आणि त्यांना धरून ठेवायला सगळ्यात मोठं आमिष होतं ‘त्सिव्हिलफेरझॉर्गुंग्सशाईन’, मराठीत नागरी नोकरीचा दाखला म्हणू. १२ वर्षं काढली की हा कागद मिळायचा आणि रेल्वे, पोस्ट, पोलीस, जकात, कोर्टातली कारकुनी अशा ठिकाणच्या काही जागा या लोकांसाठी राखीव असायच्या. तिकिटाच्या खिडकीमागचा माणूस हुकूम सोडल्यासारखा का बोलतो याचं उत्तर बऱ्याचदा या कागदात सापडतं.

हा दाखला दयेपोटी सुरू झाला की हिशेबाने, हा जुना वाद. दयेच्या बाजूने बोलणारे अठराव्या शतकातला प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्याकडे बोट दाखवतात, त्याने जखमी, निकामी शिपायांना खेड्यातल्या शाळेत मास्तर म्हणून लावायला सांगितलं होतं. पण त्या कामाला लायक निघालेले फारच थोडे होते, गोष्ट तिच्या आकारापेक्षा मोठी झालीय. शिवाय निकामी झालेल्याला जागा देणं आणि धडधाकट माणसाला बारा वर्षांनंतरच्या जागेचं वचन देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पोटापाण्याची सोय, दुसरी सौदा. एकोणिसाव्या शतकातली पद्धत सौद्याचीच धरावी. ऑस्ट्रिया-हंगेरीने १८७२ मध्ये जवळपास असाच कायदा केला, तिथेही १२ च वर्षं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानेही जर्मन शिपायाला १२ वर्षांची सेवा लावली, पण ती उलट्या कारणाने, दरवर्षी नवी माणसं तयार होऊन राखीव फौज वाढू नये म्हणून, आणि ते सैन्य स्वेच्छेचं होतं, म्हणून ते इथे मोजायचं नाही. १९३५ ला सक्ती परत आली तेव्हा बारा वर्षांची सही करणाऱ्याला बराकीत ‘त्स्वॉल्फएंडर’ म्हणायचे, म्हणजे शिंगांना बारा टोकं असलेलं हरीण. पश्चिम जर्मनीच्या सैन्यातही १२ वर्षांच्या करारानंतर सरकारी नोकरीत जाण्याचा दाखला राहिला. २०११ ला सक्ती स्थगित झाली तरी तो चालूच होता.

बाकीचे फायदे छोटे वाटतात पण बराकीत राहिलेल्याला त्यांची किंमत कळते. लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागायची, ती कापिटुलांटला मिळण्याची शक्यता तरी असायची. खांद्यावरच्या पट्टीच्या खालच्या टोकाला एक अरुंद फीत आडवी शिवलेली असे, तेवढ्यावरून नवा रंगरूट ओळखायचा की हा माणूस दिवस मोजत नाहीये.

फ्रान्सने वेगळीच वाट धरली. १८५५ च्या कायद्याने चिठ्ठीत नाव निघालेल्याने सरकारला पैसे भरायचे आणि सुटायचं, त्या पैशातून सरकार जुन्या शिपायांना पुन्हा सही करण्याचं बक्षीस, जास्त पगार आणि पेन्शन द्यायचं. म्हणजे न आलेल्याच्या खिशातून राहिलेल्याचा फायदा! जनरल त्रोश्यूने १८६७ ला यावर टीका केली, १८६८ ला पद्धत बंद झाली. १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धातल्या पराभवाचं खापर या म्हाताऱ्या शिपायांवर फोडणं मात्र जास्तच होतं.

रशियात १८७४ च्या कायद्याने सेवा ६ वर्षांवर आली, पण शिकलेल्याला सूट होती, विद्यापीठातून आलेला ६ महिन्यांत सुटायचा. त्यामुळे सार्जंट होण्यासारखा माणूस सगळ्यात आधी जायचा आणि तुटवडा कायद्यातच शिवलेला राहिला. मागे राहणाऱ्याला ‘स्वेर्खस्रोच्निक’ म्हणत, मुदतीच्या वरचा, त्याच्या डाव्या बाहीवर चंदेरी-सोनेरी फितीचे कोन असायचे. सोव्हिएत काळात १९६७ ला भूदलाची मुदत ३ ची २ वर्षं झाली आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, सार्जंटही बहुतेक सक्तीचेच, काही महिन्यांच्या शिक्षणाने बनवलेले. म्हणून १ जानेवारी १९७२ पासून ‘प्रापोर्श्चिक’ हा दर्जा आणला. नाव ‘प्रापोर’ म्हणजे झेंडा यावरून, आणि झारच्या काळात ते सर्वात खालच्या अधिकाऱ्याचं होतं, त्यामुळे मान वाढवायला ते निवडलं असावं असं दिसतं. खांद्यावर दोन छोटे तारे, एकाखाली एक. प्रत्यक्षात त्याच्याकडे गोदामाच्या किल्ल्या गेल्या आणि तो माल लंपास करणारा म्हणूनच विनोदांत राहिला. २००९ ला हा दर्जा रद्द केला, २०१३ ला परत आणला.

आजच्या घडीला दक्षिण कोरियाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे या लोकांना आधी ‘हासाग्वान’ म्हणजे खालचा अधिकारी म्हणत, २००१ ला ‘बुसाग्वान’ म्हणजे उपअधिकारी केलं. पण सक्तीने १८ महिन्यांसाठी आलेल्यांचा पगार झपाट्याने वाढवला, २०२५ ला त्यांच्यातल्या सर्वात वरच्या ‘ब्योंगजांग’ला महिना १५ लाख वॉन, वर बचत योजनेत सरकारची साडेपाच लाखांपर्यंत भर, आणि नव्या ‘हासा’चा, म्हणजे बुसाग्वानांतल्या सर्वात खालच्या पदावरच्याचा, मूळ पगार २० लाखांच्या आसपास. भत्ते वेगळे धरले तरी अंतर इतकं कमी झालं की सही करायला माणसं मिळेनात. सिंगापूरमध्ये १९६७ पासून सक्ती आहे, तिथे वॉरंट ऑफिसरला, म्हणजे सार्जंटच्या वरच्या पण अधिकाऱ्याच्या खालच्या माणसाला, सक्तीची पोरं ‘एन्चिक’ म्हणतात, मलायमधला साधा आदराचा शब्द, आपल्या ‘साहेब’च्या जवळचा, आणि खऱ्या अधिकाऱ्याला मात्र इंग्रजी ‘सर’.