डीव्हर की डॉयेन?

थिएटरमधला माझा पहिलाच महिना. सिझेरियन चालू होतं. "डॉयेन" अशी हाक आली आणि मी डीव्हर पुढे केला. दोन्ही नावं 'ड'ची, दोन्ही रिट्रॅक्टर, म्हणजे अवयव बाजूला धरून जागा करून देणारी हत्यारं, आणि दोन्ही पोटाच्या ऑपरेशनचे. मॅडमनी नुसती मान हलवली. मला योग्य तो सापडेपर्यंत सगळे थांबले होते. म्हणून आता नव्या मुलींना मी हे दोन्ही ट्रॉलीवर शेजारी शेजारी ठेवून दाखवते.

डीव्हर म्हणजे एकाच लांब पट्टीला बाक देऊन केलेलं प्रश्नचिन्ह. वेगळी मूठ नाहीच. वरचं टोक थोडं वळवलेलं असतं, तिथे धरायचं. साधारण 1 ते 3 इंच रुंदीत तो मिळतो. फिलाडेल्फियाचे सर्जन जॉन डीव्हर (1855–1931) यांचं नाव त्याला आहे. त्याचं काम खोलवरचं: पोट उघडून पित्ताशय काढताना यकृत वर धरायला हाच. हल्ली पित्ताशय बहुतेक दुर्बिणीनेच काढतात, पण मध्येच पोट उघडायची वेळ आली की डीव्हर लागतोच. तो तयार हवा.

डॉयेनला स्वतंत्र मूठ असते आणि तिच्याशी जवळपास काटकोनात वळलेलं रुंद, खोलगट पातं. पात्याची कड आत वळलेली असते. बोट फिरवून बघा, पुन्हा चूक होणार नाही. सिझेरियनमध्ये छेद गर्भाशयाच्या खालच्या भागावर घेतात, आणि मूत्राशय नेमकं तिथेच पुढून टेकलेलं असतं. वरचा पातळ पडदा कापून मूत्राशय खाली सरकवलं की डॉयेन त्याला तिथेच अडवून धरतो.

मात्र बाळाचं डोकं काढायच्या आधी डॉयेन बाहेर आलाच पाहिजे. तो आत राहिला तर डोक्याला यायला जागा उरत नाही, आणि स्टीलचा दाब बाळावर नि मूत्राशयावर पडतो. बाळ आणि वार बाहेर आली की गर्भाशय शिवताना तो पुन्हा लावतात. सर्जनचा हात आत जाताना माझी नजर अजूनही आधी डॉयेनवर जाते.

नावाचा आणखी एक घोटाळा आहे. पॅरिसचे सर्जन युजीन डॉयेन (1859–1916) यांच्याच नावाचा आतड्याचा क्लॅम्पही (दाबून धरणारा चिमटा) असतो. आतड्याच्या ऑपरेशनला नुसतं "डॉयेन" ऐकू आलं तर बहुधा तोच हवा असतो. शंका आली तर "क्लॅम्प की रिट्रॅक्टर?" असं स्पष्ट विचारा. त्यात काहीही कमीपणा नाही.

बाल्फोर नावाचा पोटाचा रिट्रॅक्टर एकदा लावला की आपला आपण टिकून राहतो. डीव्हर आणि डॉयेन मात्र माणसानेच धरायचे असतात, आणि हात भरून आला की धरणारा नकळत ओढू लागतो किंवा टोक आत रुततं. यकृत फार नाजूक, सहज फाटतं. म्हणून डीव्हरखाली ओला मॉप, म्हणजे कापडाची घडी, ठेवतात. सर्जनने लावून दिलेली जागा धरणाऱ्याने आपल्या मनाने बदलायची नाही. हात थकला तर सांगायचं, लगेच सांगायचं.

आणि डीव्हर काढला की त्याच्याखालचा मॉपही बाहेर आला का ते बघा. मॉपची नाडी पोटाबाहेर आर्टरी फोर्सेप्सला (छोट्या चिमट्याला) लावलेली असली, तरी पोट बंद करण्याआधी सगळे मॉप मोजायचेच.